दाद देणे आणि दाद मागणे

इंग्रजीतल्या ‘फीडबॅक’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. ज्याला त्याला आपापल्या कामापुरता शब्द सापडलेला आहे. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. कचेरीतल्या फायलीवर जो पडतो तो ‘शेरा’. पुस्तकाला मिळतो तो ‘अभिप्राय’, मैफलीत गवयाला मिळते ती ‘दाद’, पत्र किंवा पैसे मिळाल्याचे कळवतात ती ‘पोच’. शेजारीपाजारी जे करतात त्याला आपण ‘नावे ठेवणे’ म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत. गवयाला कुणी शेरा देत नाही आणि फायलीला कुणी दाद देत नाही. मूळ क्रिया मात्र या सगळ्यांमागे एकच आहे. कुणीतरी काहीतरी केले, दुसऱ्या कुणीतरी ते पाहिले, ऐकले वा वाचले, आणि त्याचे काय झाले हे करणाऱ्याकडे परत पोचवले.

या शब्दांपैकी दोन शब्दांचा इतिहास मोठा बोलका आहे. ‘अभिप्राय’ म्हणजे संस्कृतात बोलणाऱ्याच्या मनातला हेतू, त्याला म्हणायचे असलेले तात्पर्य. आज मराठीत हा शब्द प्रामुख्याने ऐकणाऱ्याच्या मताला लागतो. बोलणाऱ्याच्या घरचा शब्द ऐकणाऱ्याच्या घरी नांदायला गेला, असे म्हणावे लागेल. ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ न्याय. मराठीने या शब्दाचे दोन्ही अर्थ जपले. कोर्टात आपण ‘दाद मागतो’ आणि मैफलीत ‘दाद देतो’. एकाच शब्दाने कौतुक आणि न्याय या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, यात आम्हांला केवळ योगायोग दिसत नाही. एखाद्याच्या कृतीला योग्य प्रतिसाद मिळणे हा त्याला मिळालेला एक प्रकारचा न्यायच असतो, आणि प्रतिसादच न मिळणे हा अन्याय असू शकतो, हे या शब्दाला ठाऊक आहे.

या निबंधात आम्ही एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराकडे याच शब्दाच्या आधाराने पाहणार आहोत. टीका कठोर होती की सौम्य, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: ज्याला अभिप्राय मिळाला, त्याला उत्तर द्यायला जागा होती का?

१

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी यंत्रविद्येत या कल्पनेचा अर्थ काय, हे थोडक्यात पाहायला हवे, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात तो अर्थ पुसट झाला आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला एक गतिनियामक जोडला. इंजिन वेगाने फिरू लागले की नियामकावरचे दोन गोळे बाहेर फाकत, त्यामुळे वाफेची झडप थोडी मिटे आणि वेग उतरे. वेग फार उतरला की गोळे आत येत आणि झडप पुन्हा उघडे. या प्रकारच्या यंत्रांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याने टेलिफोनच्या ध्वनिवर्धकात हेच तत्त्व वापरले, आणि १९४८ साली नॉर्बर्ट वीनरने ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ लिहून यंत्रे, प्राणी आणि माणसे या सर्वांना ते लावून दाखवले.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की, जे परत येते त्याने पुढची कृती बदलली पाहिजे. नियामकाचे गोळे नुसतेच फाकले आणि झडपेशी त्यांचा काही संबंध नसला, तर ती केवळ शोभा. दुसरी अशी की, परत येणारा संदेश दोन प्रकारचा असतो. एक आवर घालतो, वॉटच्या गोळ्यांसारखा. दुसरा जे चालले आहे त्यालाच जोर देतो. लाऊडस्पीकरसमोर माइक धरला की जी कर्कश शिट्टी निघते, ती या दुसऱ्या प्रकारची: आवाज माइकात शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माइकात शिरतो. गणेशोत्सवातल्या कुठल्याही मंडपात हा प्रयोग विनामूल्य पाहायला मिळतो.

दाद वाढत जाऊन मूळ कृतीच बदलते, याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण संगीत नाटकाचे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. त्यांतली बरीचशी कथानक पुढे नेणारी, संवादाचेच काम करणारी, आटोपशीर म्हणायची पदे होती. प्रेक्षकांना गाणे आवडले की ‘वन्समोअर’ची आरोळी उठे. इंग्रजांनी ज्या प्रसंगी फ्रेंच शब्द वापरावा, त्या प्रसंगी आपण इंग्रजी शब्द घेतला आणि तो इतका आपलासा केला की आज तो मराठीच वाटतो. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने ही आवड वाढवली. पुढे बालगंधर्वांच्या काळात तर पदांना मैफलीचे रूप आले. एकेका पदाला अनेकदा वन्समोअर मिळावा, नटाने दर वेळी त्यात नवी जागा घ्यावी, त्या जागेला पुन्हा दाद मिळावी आणि नाटक पहाटेपर्यंत चालावे, असे होऊ लागले.

मराठी रसिकतेची ही वैभवाची कथा आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक दादीने गाणे थोडे लांबले आणि नाटक थोडे मागे सरले, हेही तितकेच खरे आहे. प्रेक्षक जे मागत होते ते त्यांना मिळत गेले, आणि मिळत गेल्यामुळे ते अधिकाधिक मागत गेले. या चक्राला आवर घालणारा दुसरा आवाज त्या नाट्यगृहात क्षीण होता. केवळ कौतुकाने वाढणाऱ्या कलेचे काय होते, ते या इतिहासातून दिसते. कौतुकही न मिळालेल्यांचा इतिहास याहून वेगळा आहे.

२

पुण्यात पेशव्यांच्या काळी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तिच्यासाठी विद्येची परीक्षा असे आणि शास्त्रीमंडळी योग्यता ठरवीत. इंग्रजी राज्य आल्यावरही ही दक्षिणा कमी प्रमाणात चालू राहिली. १८४९ साली काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. पुण्याच्या सनातनी वर्गात त्यावर मोठा क्षोभ माजला. त्या अर्जदारांच्या संरक्षणासाठी तरुण जोतीराव फुल्यांनी माणसे जमवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. लेखकाने हस्तलिखित सादर करावे, कमिटीने तपासावे, पसंत पडल्यास बक्षीस द्यावे, अशी ही रचना होती. मराठीत ग्रंथावर अभिप्राय देण्याची पहिली मोठी संस्थात्मक व्यवस्था हीच, असे म्हणता येईल.

१८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. एक जोशी गर्भवती कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, अशी त्याची गोष्ट आहे. शेवटी ते जोडपे शिकायला निघते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी या नाटकातल्या विदूषकाकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्ही सुचवू. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या मित्र असतो. फुल्यांचा विदूषक प्रत्येक लबाडीवर तिथल्या तिथे बोलतो आणि प्रेक्षकाला काय पाहायचे ते दाखवतो. रंगमंचावरच अभिप्राय देणारे पात्र उभे करणारे हे नाटक आहे.

कमिटीने नाटक नाकारले. ज्या निधीचे दार उघडावे म्हणून फुले उभे राहिले होते, त्याच दारात त्यांचा ग्रंथ अडला. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त त्यांनी या प्रकाराचा उल्लेख केला आहे. कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, आणि आपण ते पुस्तक बाजूला टाकले, असा त्याचा आशय आहे. काही वर्षांनी त्यांनी ब्राह्मणांच्या कसबाविषयी दुसरे पुस्तक लिहिले आणि ते स्वतःच्या पैशाने छापले. कमिटी टाळून थेट वाचकाकडे जाण्याचा मार्ग त्यांनी धरला. ‘तृतीय रत्न’ मात्र छापील रूपात मराठी वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. लेखन आणि प्रकाशन यांच्यामध्ये १२४ वर्षे गेली.

या १२४ वर्षांत मराठी नाटकाचा इतिहास लिहिला गेला, शिकवला गेला, त्यावर परीक्षा घेतल्या गेल्या. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या सांगलीच्या प्रयोगापासून किर्लोस्करांपर्यंत रेषा ओढताना या नाटकाला जागा देण्याचा प्रश्नच कुणापुढे आला नाही, कारण ते कुणी वाचलेलेच नव्हते. एका कमिटीचा नकार एवढ्या दूरवर पोचतो. ‘नापसंत’ हा शेरा त्या एका पुस्तकावर पडला खरा, पण एका सामाजिक नाटकाची परंपरा जिथून सुरू होऊ शकली असती, ती जागाही त्याने रिकामी ठेवली.

३

दक्षिणा कमिटीच्या बंद खोलीनंतर अभिप्रायाला उघड्यावर आणले ते नियतकालिकांनी. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. समाजाच्या दोषांवर पत्ररूपाने बोलणे, हाच त्या लेखनाचा प्रकार होता. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने ग्रंथपरीक्षणाची रीत रुजवली. आणि २५ जानेवारी १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली.

चिपळूणकरांचे मोठेपण नाकारण्याचा आमचा हेतू नाही. ग्रंथावर टीका कशी असावी, ती का असावी, याचा विचार मराठीत त्यांनी जोमाने केला. मराठी वाक्याला त्यांनी दिलेला डौल आपण आजही वर्गात वाचून दाखवतो. इंग्रजी साच्यातल्या निर्जीव क्रमिक मराठीवर त्यांनी केलेला हल्लाही आवश्यक होता. त्या काळी सरकारी मराठी पुस्तके मेजर टॉमस कँडी यांच्या नजरेखालून जात. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही बव्हंशी कँडींचेच. उत्तरपत्रिकेच्या समासात आम्ही प्राध्यापक मंडळी जे लाल प्रश्नचिन्ह काढतो, तेही अखेर त्याच वाटेने मराठीत आलेले आहे. एका परकीयाच्या दुरुस्तीखाली आपली भाषा लिहिली जावी, याची चीड चिपळूणकरांना होती आणि ती समजण्याजोगी होती.

परंतु याच चिपळूणकरांनी लोकहितवादींवर आणि फुल्यांवर जे लिहिले, त्याचा रोख पाहण्यासारखा आहे. फुल्यांच्या बाबतीत त्यांनी भाषा आणि व्याकरण यांची टर उडवली. लेखकाने काय म्हटले आहे, याआधी त्याने ते कोणत्या मराठीत म्हटले आहे, यावर निकाल लागला. ज्या वर्गाला लिहायला शिकण्याची संधीच नव्हती, त्या वर्गाच्या लेखनाला शुद्धतेच्या मापाने मोजायचे आणि मग ते माप भरत नाही म्हणून हसायचे, हा प्रकार अभिप्रायाच्या वेषात आलेली बंदी होती. कँडींच्या दुरुस्तीविरुद्ध उभा राहिलेला माणूस दुसऱ्याच्या बाबतीत स्वतः कँडी होतो, हे आम्हांला या इतिहासातले सर्वांत शिकवणारे स्थळ वाटते.

इथे एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते. दक्षिणा कमिटीचा नकार कुणाला दिसला नाही. ‘निबंधमाले’ची टीका छापली गेली, म्हणून तिला उत्तर देता येणे शक्य झाले. फुल्यांपाशी छापखान्याचा मार्ग होता, सत्यशोधक समाज होता, ‘दीनबंधू’ होते. त्यामुळे त्यांचे लेखन थांबले नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ यानंतरचा आहे. कठोर टीकेने लेखक मरत नाही. उत्तर देण्याची जागा हिरावून घेतली, म्हणजे मात्र तो संपू शकतो.

फुल्यांचे सर्वांत अर्थपूर्ण उत्तर १८८५ सालचे आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यात भरली होती. आजची साहित्य संमेलने आपला प्रारंभ तिच्यापासून मोजतात. दुसरी सभा १८८५ साली भरली, तेव्हा फुल्यांनाही निमंत्रण गेले. त्यांनी यायचे नाकारले आणि का नाकारले ते पत्राने कळवले. ते पत्र ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. जे लोक इतरांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत आणि तसे वागतही नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता.

अनुपस्थिती हाही अभिप्राय असू शकतो, हे या पत्राने मराठी साहित्यव्यवहाराला प्रथम शिकवले. न येणे पुष्कळांना जमते. न येण्याचे कारण लिहून कळवणे आणि ते छापले जाईल असे पाहणे, यात मात्र समोरच्याला उत्तर देण्याचे आव्हान असते. त्या सभेने या पत्राला काय उत्तर दिले, यापेक्षा पुढच्या काळाने काय दिले हे अधिक महत्त्वाचे. विसाव्या शतकातल्या दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळी, वेगळ्या साहित्य संमेलनांची परंपरा, या सगळ्यांनी त्या पत्राकडे वारंवार परत जाऊन आपली भूमिका मांडली आहे. अभिप्राय फिरून येण्यास कधी कधी शतक लागते.

४

आता ज्या लेखिकेपाशी छापखाना, संस्था, वर्तुळ यांपैकी काहीच स्वतःचे नव्हते, तिच्याकडे वळू.

१८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर लेख येऊ लागले. ‘पुणे वैभव’ या पत्राने स्त्रीजातीलाच दोषी धरले. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचले आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापवले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक मुळात वाचकाचा प्रतिसाद आहे. वर्तमानपत्रात आलेल्या मजकुराला एका वाचक बाईने दिलेले हे उत्तर आहे आणि त्याचा सारा आवेश उत्तराचा आहे. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या अंगी चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय, असा मुद्देसूद प्रश्न ती एकेक दोष घेऊन विचारते. विधवाविवाहाला बंदी कुणी घातली, शास्त्रे कुणी लिहिली, बायकोला वाऱ्यावर कोण सोडते, हे ती पुरुषांनाच विचारते. बोलभाषेचा ठसका, म्हणींचा मारा, थेट संबोधन, हे सारे त्या गद्यात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा अभ्यास चिपळूणकरांच्या वाक्यरचनेवर थांबतो, त्या विद्यार्थ्याने हे गद्य शेजारी ठेवून पाहावे. ताराबाई कौतुकासाठी लिहीत नव्हत्या. त्या ‘दाद’ या शब्दाच्या पहिल्या, न्यायाच्या अर्थाने दाद मागत होत्या.

त्यांना काय मिळाले? पुस्तकाची कुचेष्टा झाली. फुल्यांच्या स्वतःच्या वर्तुळातल्या एका पत्रकारानेही त्यावर कोरडे ओढले. तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मध्ये फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यांचा उल्लेख लेकीच्या मायेने केला आणि आपल्याच सहकाऱ्याला खडसावले. ज्याला स्वतःला दक्षिणा कमिटीने परत पाठवले होते, त्यानेच या पुस्तकाची खरी पोच दिली, ही गोष्ट सहज घडलेली नाही. नकार कसा लागतो हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्याच्या पुस्तकाची किंमत कळली.

परंतु ही एक पोच पुरेशी ठरली नाही. ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. १८८२ ते १९७५, म्हणजे ९३ वर्षे. त्यानंतर मात्र त्याच्या आवृत्त्या निघाल्या, १९९४ साली रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि आज भारतीय स्त्रीवादाच्या इतिहासात या पुस्तकाला मानाचे स्थान आहे.

या ९३ वर्षांच्या आरंभी आणखी एक पुस्तक उभे आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमू ही विधवा आपली कहाणी स्वतः सांगते, असा तिचा घाट आहे. ताराबाईंचे पुस्तक येऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. स्त्रीचा आवाज पुरुषाच्या लेखणीतून आला, करुणेच्या सुरात आला, तेव्हा तो मराठी मध्यमवर्गाने ऐकला आणि डोळे पुसले. तोच आवाज स्त्रीच्या लेखणीतून, जाब विचारण्याच्या सुरात आला होता, तेव्हा तो दडपला गेला होता. आपट्यांच्या प्रतिभेला यामुळे उणेपणा येत नाही. कादंबरीचे ते शीर्षक मात्र ताराबाईंच्या पुस्तकावरच अधिक शोभले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते.

५

हा सारा इतिहास वर्गात शिकवताना आम्हांला आपल्याच व्यवसायाकडे वळून पाहावे लागते, कारण अभिप्राय देणे हे आम्हां शिक्षकांचे रोजचे काम आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात सूक्ष्म अध्यापनाचे एक चक्र शिकवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालेली ही पद्धत आपल्याकडे छत्तीस मिनिटांच्या रूपात रुळली आहे: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनर्अध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. या चक्राची अनेकजण थट्टा करतात. आम्हांला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सर्वांत जास्त वेळ दिलेला आहे तो अभिप्राय ऐकून विचार करण्याला, आणि त्यानंतर तोच पाठ पुन्हा घेण्याची संधी दिलेली आहे. वॉटच्या गोळ्यांचा झडपेशी असलेला संबंध इथे राखलेला आहे.

विद्यापीठीय परीक्षेत हा संबंध तुटतो. विद्यार्थी निबंध लिहितो, आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढतो, बेरीज करतो आणि गठ्ठा बांधून देतो. त्याला आकडा मिळतो. प्रश्नचिन्ह कुठे होते आणि का होते, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. फोटोप्रत मागवणारे थोडे, आणि मागवतात तेही गुणांसाठी. तोच निबंध पुन्हा लिहिण्याची सोय तर नाहीच. अशा रीतीने दिलेला शेरा हा दक्षिणा कमिटीच्या शेऱ्याच्या जातीचा आहे: तो निकाल आहे, संभाषण नाही.

उलट दिशेनेही आता अभिप्राय गोळा होतो. १९९४ साली ‘नॅक’ स्थापन झाल्यापासून महाविद्यालयांच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या मताला क्रमाक्रमाने जागा मिळाली, आणि २०१७ सालच्या आराखड्यात विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आले. शिक्षकाला विद्यार्थ्याने जोखावे, ही कल्पना आम्ही मनापासून स्वागतार्ह मानतो. गुरूच्या तोंडावर बोलायचे नाही, या आपल्या जुन्या संस्काराला तिने छेद दिला. पण एक ते पाच या आकड्यांपैकी एकावर खूण करायला लावणाऱ्या अर्जात ताराबाई कुठे मावणार? जाब विचारणाऱ्या विद्यार्थिनीला त्या चौकटीत दाद मागता येत नाही, फक्त दाद देता येते, कमी किंवा जास्त. आणि तिने दिलेल्या गुणांचे पुढे काय झाले, हे तिला कोण सांगतो? तिला पोच मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की अभिप्रायाचा विचार देणाऱ्याच्या बाजूने पुष्कळ झाला, तो आता घेणाऱ्याच्या बाजूने व्हावा. तो तिखट असावा की गोड, हा स्वभावाचा आणि प्रसंगाचा भाग आहे. चिपळूणकरांचा तिखटपणा मराठीला पचला. दक्षिणा कमिटीचे मौन आणि ताराबाईंच्या वाट्याला आलेली कुचेष्टा मात्र मराठीला महागात पडली, कारण त्यांनी पुढची पुस्तके लिहिलीच जाऊ दिली नाहीत.

आम्ही काही जण एक साधा उपक्रम करतो. एम.ए.च्या वर्गात ‘स्त्री-पुरुष तुलना’ शिकवून झाले, की ‘१८८२ साली हे पुस्तक तुमच्याकडे अभिप्रायासाठी आले असते तर तुम्ही काय लिहिले असते’ या विषयावर विद्यार्थ्यांकडून दोन पाने लिहून घेतो. त्यावर गुण देत नाही. प्रत्येक कागदावर आमचे उत्तर लिहितो आणि कागद परत देतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या उत्तराला उत्तर लिहायचे असते. पहिल्या फेरीत बहुतेकजण ताराबाईंचे कौतुक करतात, कारण शिक्षकांना तेच हवे असणार असा त्यांचा अंदाज असतो. दुसऱ्या फेरीत काहींची लेखणी सैल होते. ताराबाई जातीविषयी फारसे का बोलत नाहीत, असे कुणी विचारते. आम्ही पुस्तक शिकवताना अमुक प्रकरणावर घाई केली, असेही कुणी लिहिते. त्या कागदांवर आम्हांला पुन्हा उत्तर लिहावे लागते, आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण सावकाश शिकवावे लागते.